मान्यता नसलेले राष्ट्र : तैवान आणि तेथील नवे सरकार



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा परराष्ट्रीय विषयावर बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत बसल्या बसल्या. आंतरराष्ट्रीय राजकारणावर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. परंतु एका प्रसंगाने या विषयात मला ओढले, आणि तो सांगूनच मी सुरुवात करतो.

सिन्नरकडच्या एक बिडी कामगार बाई एके दिवशी मुलाला घेऊन कचेरीत आल्या. मुलगा आय.टी.आय. झालेला, फिटर. कोणा एजंटाने त्याला तैवानमधल्या कारखान्यात नोकरी देऊ केली होती. पगार महिना पाऊण लाख, पण आधी अडीच लाख रुपये भरायचे. बाईंनी मला दोनच प्रश्न विचारले. "भाऊ, तैवान म्हणजे चीनच ना? आणि तिथं माझ्या पोराला काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" मला दोन्हींचे उत्तर नीट देता येईना. आठ दिवस थांबा, पैसे भरू नका, एवढेच सांगून मी त्यांना परत पाठवले आणि वाचायला बसलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरे आहेत.

तैवान हे नाव आपल्यातल्या पुष्कळांना नवे वाटेल, पण ती भूमी आपल्याला अगदीच अपरिचित नाही. १८ ऑगस्ट १९४५ रोजी नेताजी सुभाषचंद्रांच्या विमानाला ज्या तैहोकू येथे अपघात झाल्याचे सांगितले जाते, ते तैहोकू म्हणजेच आजची राजधानी तैपेई. जुन्या नकाशांत या बेटाचे नाव फोर्मोसा असे सापडेल. आपले पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहून किंचित मोठे असे हे बेट. वस्ती सुमारे दोन कोटी चौतीस लाख. चीनचा किनारा आणि हे बेट यांच्यामध्ये जी सामुद्रधुनी आहे ती सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १३० किलोमीटर रुंद, म्हणजे नाशिकहून मुंबईला जाण्याइतकेही अंतर नाही.

आता पहिला प्रश्न : हा चीनच का? याचे उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय मिळत नाही. १८९५ मध्ये युद्धात हरलेल्या चिनी बादशाहीने हे बेट जपानला देऊन टाकले. पुढची पन्नास वर्षे ते जपानची वसाहत होते. १९४५ मध्ये जपान हरला आणि बेटाचा कारभार च्यांग कै-शेक यांच्या कुओमिन्तांग पक्षाच्या चिनी सरकारकडे आला. बेटावरच्या लोकांना वाटले, परकी धनी गेला. पण दोनच वर्षांत, २८ फेब्रुवारी १९४७ पासून, तेथे जो उठाव झाला तो नव्या सरकारने लष्कर आणून चिरडला. १९९२ च्या तेथीलच सरकारी अहवालाने मृतांचा अंदाज अठरा ते अठ्ठावीस हजार असा दिला आहे. पुढे १९४९ मध्ये माओंच्या सैन्याने चीन जिंकला आणि च्यांग आपले सरकार, सैन्य व खजिना घेऊन तैवानात आले. मे १९४९ मध्ये पुकारलेला लष्करी कायदा जुलै १९८७ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, उठला नाही.

येथून पुढचे समजण्यासाठी मला माझ्या धंद्यातला एक शब्द वापरू द्या. तो शब्द म्हणजे 'मान्यता'. कामगारांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. युनियन काढणे वेगळे आणि युनियनला मान्यता मिळणे वेगळे. सभासद तुमच्याकडे असतील, वर्गणी तुमच्याकडे येत असेल, पण मान्यता दुसऱ्याकडे असेल तर करारावर सही त्याची होते. मुंबईच्या गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. माझे वडील त्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी एक. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे आणि १९४६ च्या कायद्याप्रमाणे मान्यता दुसऱ्याच युनियनला, असा तो पेच होता. बोलायचे कोणाशी हाच वाद मिटेना. त्यात गिरण्याही गेल्या आणि आमचे मुंबईतले घरही गेले.

राष्ट्रांच्या जगातही नेमके हेच चालते. १९४९ ते १९७१ या बावीस वर्षांत संयुक्त राष्ट्रसंघात 'चीन' या नावाच्या खुर्चीवर तैपेईतल्या च्यांग यांचे सरकार बसलेले होते. त्याच्या ताब्यात एक बेट आणि काही लहान द्वीपे, पण मान्यता मात्र साऱ्या चीनची. सभासद नाहीत आणि मान्यता आहे! आपल्या भारताने ३० डिसेंबर १९४९ लाच पेकिंगच्या सरकारला मान्यता दिली होती. अखेर २५ ऑक्टोबर १९७१ रोजी आमसभेने ७६ विरुद्ध ३५ मतांनी २७५८ क्रमांकाचा ठराव केला, आणि खुर्ची पेकिंगला मिळाली. अमेरिकेनेही १ जानेवारी १९७९ पासून आपली मान्यता तिकडे फिरवली, मात्र त्याच वर्षी स्वतःचा एक कायदा करून तैवानला बचावाची शस्त्रे पुरवण्याचा मार्ग मोकळा ठेवला.

१९७१ च्या त्या ठरावात चीनचे प्रतिनिधित्व कोणी करावे याचा निकाल आहे; तैवान हे बेट कोणाचे, याचा उल्लेखही नाही. पेकिंग म्हणते, चीन एकच आणि तैवान त्याचा अविभाज्य भाग, तेव्हा निराळ्या उल्लेखाची गरजच नव्हती. तैपेईचे म्हणणे, आमच्याविषयी काही ठरलेलेच नाही. आजचा सारा वाद या दोन वाक्यांमध्ये आहे.

परंतु दरम्यानच्या काळात बेटावर आतून एक मोठा पालट झाला, आणि तो आपल्याकडे पुरेसा ठाऊक नाही. जे सरकार वरून लादलेले होते ते लोकांनी हळूहळू आपले करून घेतले. सप्टेंबर १९८६ मध्ये लष्करी कायदा चालू असतानाच डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्ष स्थापन झाला. १९८७ मध्ये कायदा उठला आणि कामगारांच्या चळवळीला भरती आली. १ मे १९८८ रोजी आगगाडीच्या ड्रायव्हरांनी एक युक्ती केली. संपाचा अधिकार नव्हता, म्हणून सर्वांनी कामगारदिनाची रजा घेतली आणि गाड्या उभ्या राहिल्या! मार्च १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली. चीनने त्या वेळी समुद्रात क्षेपणास्त्रे सोडून धाक घातला, तरी लोकांनी मतदान केले. २००० मध्ये कुओमिन्तांगचा पराभव होऊन सत्ता शांतपणे बदलली. २००८ आणि २०१६ मध्ये पुन्हा बदलली. म्हणजे ज्यांच्याकडे मान्यता होती आणि सभासद नव्हते, त्यांची स्थिती उलट झाली. आता सभासद आहेत, निवडणूक आहे, वर्गणी आहे. नाही ती फक्त मान्यता.

या पार्श्वभूमीवर नव्या सरकारकडे पाहू. १३ जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचे लाई चिंग-ते निवडून आले आणि २० मे २०२४ रोजी त्यांनी सूत्रे घेतली. हे गृहस्थ कोळसा खाणीतल्या कामगाराचे पुत्र. ते काही महिन्यांचे असतानाच वडील खाणीतल्या अपघातात वारले. आईने मुलांना वाढवले. लाई डॉक्टर झाले, तैनान शहराचे महापौर, मग पंतप्रधान, मग साई इंग-वेन यांचे उपाध्यक्ष झाले. खाण कामगाराचा मुलगा सर्वोच्च पदावर बसला याचा माझ्यासारख्याला आनंद होणारच. पण कामगाराच्या पोटी जन्मलेला प्रत्येक पुढारी कामगारांच्या बाजूने निर्णय घेतो असे नाही, हेही आपण घरच्याच अनुभवाने जाणतो.

लाई यांना मते पडली सुमारे चाळीस टक्के. उरलेली साठ टक्के कुओमिन्तांग आणि तैवान पीपल्स पार्टी या दोन पक्षांत विभागली गेली. त्याच दिवशी विधिमंडळाचीही निवडणूक होती. तेथे ११३ जागांपैकी कुओमिन्तांगला ५२, लाई यांच्या पक्षाला ५१, पीपल्स पार्टीला ८ आणि अपक्षांना २ अशी वाटणी झाली. दोन्ही विरोधी पक्ष एकत्र आले की सभागृह त्यांचे. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्यांचे, असा हा संसार आहे.

त्यातून काय झाले? मे २०२४ मध्येच विरोधकांनी विधिमंडळाचे अधिकार वाढवणारा कायदा केला. हजारो लोक त्याविरुद्ध रस्त्यावर आले. ऑक्टोबरात घटना न्यायालयाने त्यातली बहुतेक कलमे रद्द केली. डिसेंबरात सभागृहाने त्या न्यायालयाच्याच कामकाजाचा कायदा बदलला आणि सरकारने सुचवलेले सातही न्यायाधीश नाकारले. न्यायालयात आठच न्यायाधीश उरले आणि नव्या कायद्याप्रमाणे खटला चालवायला किमान दहा हवे होते! जानेवारी २०२५ मध्ये अंदाजपत्रकाला सुमारे साडेसहा टक्के कात्री लागली. सरकार पक्षाच्या पाठीराख्यांनी मग विरोधी सभासदांना परत बोलावण्याची मोहीम काढली. २६ जुलै २०२५ रोजी कुओमिन्तांगच्या चोवीस आणि २३ ऑगस्टला आणखी सात सभासदांवर मतदान झाले. एकतीसपैकी एकही सभासद पडला नाही. मतदारांचा निकाल असा दिसतो की राष्ट्राध्यक्षही आम्हीच निवडला आणि सभागृहही आम्हीच. तुमचे तुम्ही जमवून घ्या.

या भांडणात कामगारांच्या पदरात एक गोष्ट पडली, ती विरोधी पक्षांच्या हातून. पूर्वी तेथे एक मेची सुटी फक्त खाजगी कामगारांना होती. मे २०२५ मध्ये सभागृहाने सुट्यांचा नवा कायदा करून ती सर्वांना दिली आणि इतर चार सुट्या वाढवल्या. २०१६ मध्ये लाई यांच्याच पक्षाच्या राजवटीत सात सुट्या कमी झाल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे कोणता पक्ष कामगारांचा या प्रश्नाचे उत्तर तेथेही सोपे नाही हे कळते.

आता बाहेरची बाजू. लाई म्हणतात की तैवानला स्वातंत्र्य जाहीर करण्याची गरज नाही, कारण ते स्वतंत्र आहेच. आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या अंकित नाहीत. कुओमिन्तांगचे म्हणणे असे की चीनशी बोलणी चालू ठेवल्याशिवाय शांतता टिकणार नाही. पेकिंगला लाई हे फुटीर वाटतात. त्याने २००५ मध्येच कायदा करून फुटीरतेविरुद्ध बळ वापरण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आहे. शपथविधीनंतर तीनच दिवसांनी, २३ मे २०२४ ला, चीनने बेटाभोवती मोठ्या लष्करी कवायती केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, मग एप्रिल २०२५ मध्ये आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पुन्हा. मार्च २०२५ मध्ये लाई यांनी चीनला 'बाहेरची वैरी शक्ती' म्हटले. सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून एक वर्ष करण्याचा साई यांच्या वेळचा निर्णय जानेवारी २०२४ पासून अमलात आला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाई यांनी संरक्षणासाठी चाळीस अब्ज डॉलरची खास तरतूद जाहीर केली आणि सभागृहात तीही अडली.

मित्र म्हणावे तर त्यांचेही जुलूम. अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये तैवानी मालावर बत्तीस टक्के जकात पुकारली आणि ऑगस्टपासून ती वीस टक्के केली. जगातल्या सर्वांत प्रगत संगणकी चिपांपैकी बहुतांश ज्या एका तैवानी कंपनीत तयार होतात, त्या टीएसएमसीने मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत आणखी शंभर अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. ही कंपनी १९८७ मध्ये शिनचू येथे निघाली. हा कारखाना आहे म्हणून जग आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, असा तैवानी लोकांचा विश्वास आहे. आणि तोच कारखाना थोडा थोडा परदेशी चालला तर काय, ही भीतीही आहे. एखादे महत्त्वाचे खाते बाहेर हलवले की गेटवरच्या कामगाराला जी धास्ती वाटते, तीच ही.

आणि मान्यतेचे काय? २०१६ मध्ये बावीस राष्ट्रे तैवानला मान्यता देत होती. एकेक करून दहा गेली. लाई निवडून आल्यावर दोनच दिवसांनी पॅसिफिकमधले नाउरू गेले आणि बारा उरली. पण ही बारा मोजून तैवानचे बळ मोजता येत नाही. मान्यता न देणारी पुष्कळ राष्ट्रे त्याच्याशी रोज व्यवहार करतात. फक्त पाटी निराळी लावतात. वकिलातीला वकिलात म्हणत नाहीत, 'आर्थिक व सांस्कृतिक केंद्र' म्हणतात. ऑलिंपिकमध्ये खेळाडू 'चिनी तैपेई' या नावाने उतरतात. जागतिक व्यापार संघटनेत २००२ मध्ये तैवान शिरले ते 'स्वतंत्र जकात प्रदेश' म्हणून. २०२१ मध्ये लिथुआनियाने कचेरीच्या पाटीवर 'तैवानी' हा शब्द येऊ दिला तर चीनने त्या देशाचा व्यापार रोखला. उलट दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये तैपेईच्या कचेरीला राजधानी प्रिटोरियातून बाहेर जायला सांगितले. पाटीवरून एवढे भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. कारखान्याच्या गेटवर युनियनची पाटी लावण्यासाठी ज्यांनी मार खाल्ला आहे ते असे म्हणणार नाहीत.

भारतानेही मागच्या दाराचाच मार्ग धरला आहे. १९९५ मध्ये तैपेईत 'इंडिया-तैपेई असोसिएशन' आणि दिल्लीत तैपेईचे केंद्र निघाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवानने मुंबईतही कचेरी उघडली. जून २०२४ मध्ये लाई यांनी पंतप्रधान मोदींचे अभिनंदन केले, मोदींनी जाहीर उत्तर दिले आणि चीनने निषेध नोंदवला. गुजरातेत धोलेरा येथे टाटांबरोबर चिपांचा जो कारखाना उभा राहत आहे त्यात तैवानच्या पॉवरचिप कंपनीचे तंत्र आहे. मान्यता नाही म्हणून काम अडलेले नाही.

पण कामगारांचा प्रश्न येतो तेव्हा गोष्ट एवढी सोपी राहत नाही. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी भारतीय कामगार तैवानला पाठवण्याच्या करारपत्रावर या दोन कचेऱ्यांच्या प्रमुखांनी सह्या केल्या. त्याच्या आधी एक लाख भारतीय येणार अशी अफवा तेथे उठली होती आणि आपल्या लोकांविषयी फार वाईट बोलले गेले. सह्या झाल्यावर तेथील तेव्हाच्या मजूरमंत्र्यांनी, ईशान्य भारतातले कामगार आधी घेऊ, त्यांचा रंग आणि खाणेपिणे आमच्याजवळचे आहे, असे उद्गार काढले. टीका होताच त्यांना माफी मागावी लागली. ज्या लोकांना जग बरोबरीने वागवत नाही म्हणून आपण हळहळतो, ते स्वतः दुसऱ्याला कसे वागवतात हेही पाहिले पाहिजे.

तैवानात २०२५ मध्ये आठ लाखांहून अधिक परदेशी कामगार होते, मुख्यतः इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपाइन्स आणि थायलंडचे. कारखान्यात किमान वेतन १ जानेवारी २०२५ पासून महिना २८,५९० तैवानी डॉलर झाले, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे पाऊण लाख रुपये. एजंटाने पगार खोटा सांगितला नव्हता! पण त्या पगारातून तेथील दलाल सेवाशुल्क म्हणून पहिल्या वर्षी दरमहा १८००, दुसऱ्या वर्षी १७०० आणि तिसऱ्या वर्षी १५०० डॉलरपर्यंत कायद्यानेच घेऊ शकतो. व्हिएतनामी कामगार तर निघण्यापूर्वीच काही हजार अमेरिकन डॉलरचे कर्ज डोक्यावर घेतो. मालक बदलण्यावर बंधने आहेत. घरकामाला आणि आजाऱ्यांच्या सेवेला गेलेल्या बायांना तर मुख्य श्रमकायदाच लागू नाही. आणि येथे मान्यतेचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. १९७१ नंतर तैवानला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेतही जागा नाही, त्यामुळे इतर देशांविरुद्ध जी तक्रार जिनिव्हाला नेता येते ती येथे नेता येत नाही. मोठ्या राष्ट्रांच्या खुर्चीच्या वादात दाद मागण्याचे एक दार गरीब कामगाराला बंद झाले.

तरी सारीच दारे बंद नाहीत. २०११ पासून तेथील कायदा परदेशी कामगारांनाही युनियन काढू देतो आणि तिचे पदाधिकारी होऊ देतो. २०१३ मध्ये यिलान येथे परदेशी मच्छीमार खलाशांनी आपली युनियन काढली. ती सरकारांच्या कृपेने निघालेली नाही. मान्यता नसलेल्या देशात, परक्या भाषेत, बोटीवर राबणाऱ्या माणसांनी ती काढली.

आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना सांगितले ते असे. तैवान म्हणजे चीन नव्हे, असे तेथे राहणारे बहुतेक लोक म्हणतात आणि आपले सरकार आपले ते आपण निवडतात. पण जगातली बहुतेक सरकारे हे उघड म्हणत नाहीत, आपलेही म्हणत नाही. तेथे आपली वकिलात नाही, पण तैपेईत असोसिएशनची कचेरी आहे. तिचा पत्ता लिहून घ्या. तेथील सरकारचा कामगारांसाठी १९५५ क्रमांकाचा दूरध्वनी आहे. तो मुलाला पाठ करायला सांगा. १९८३ च्या आपल्या कायद्याखालील नियमांनी नोंदलेल्या एजंटाला फार तर तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर घेता येतो. अडीच लाख मागणारा माणूस कोण, हे आधी तपासू. तपासले तेव्हा त्याची नोंदणीच नव्हती. मुलगा गेला नाही. उद्या सरळ मार्गाने संधी आली तर तो जाईलही, आणि मी त्याला अडवणार नाही.

तैवानचे पुढे काय होणार ते सांगणे माझ्या कुवतीबाहेरचे आहे. पण चाळीस वर्षांमागे ज्यांना सभा भरवण्याची बंदी होती, त्यांनी आज राष्ट्राध्यक्षाला सभागृहापुढे आणि सभागृहाला मतदारांपुढे उभे केले आहे. मान्यता देणारा कोणी दुसरा असतो, आणि तो ती काढूनही घेऊ शकतो. बळ सभासदांत असते. म्हणून त्या देशाशी आपल्या सरकारने करार जरूर करावेत. पण ज्या माणसाला त्या करारावर पाठवायचे, त्याला दाद मागायला एक तरी दार उघडे असेल, हे सहीच्या आधी पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.